संगणकातील नको असलेले भाग : काढावेत की ठेवावेत?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)
— एक शिक्षक, बी. ए., बी. एड., विरार



आज मी आपणांसमोर जो विषय घेऊन उभा आहे तो वरवर पाहता लहान आहे. संगणक किंवा मोबाईल विकत घेतला की त्यात आपण न मागितलेल्या अनेक गोष्टी आधीपासूनच भरलेल्या असतात. कोणी त्यांना ‘फालतू भरताड’ म्हणतो, कोणी ‘कंपनीची लादलेली भेट’ म्हणतो. यंत्र मंदावले की घरातला एखादा हुशार मुलगा, शेजारचा भाईजान किंवा दुरुस्तीवाला सांगतो, “हे सगळे काढून टाका, मशीन पळायला लागेल.” हे काढण्याचे श्रम खरोखर कारणी लागतात काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रश्न लहान असला तरी त्यात आपला पैसा, वेळ आणि मुलांचा अभ्यास असा तिहेरी संबंध आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी संगणक असला तर एकच असतो, आणि तोही पुष्कळदा कोणीतरी वापरून झालेला. मोबाईल अब्बांचा असतो. ते पहाटेच्या लोकलने कामावर जातात आणि रात्री परत येतात, तेव्हा कुठे तो मुलांच्या हाती लागतो. अशा घरात यंत्र चार दिवस बंद पडले तर प्रवेश-अर्जाची तारीख चुकते, शिष्यवृत्तीचा अर्ज राहून जातो. म्हणून हा विषय पालकांनीही समजून घ्यावा, असे मला वाटते.

प्रथम थोडी व्याख्या करू. संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज, अँड्रॉइड, लिनक्स ही तिची उदाहरणे होत. तिच्यात तीन प्रकारचे भाग असतात. पहिला प्रकार गाभ्याचा : कळफलक, पडदा, डिस्क, इंटरनेट यांना चालविणारा. तो काढण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरा प्रकार पडद्यामागे राबणाऱ्या सेवांचा : छपाईची रांग सांभाळणारी, शोध घेणारी, विषाणूंपासून रक्षण करणारी, नव्या दुरुस्त्या उतरवून घेणारी सेवा. तिसरा प्रकार वर दिसणाऱ्या ॲपचा : खेळ, हवामान, बातम्या, ब्राउझर, गाणी वाजविणारा प्रोग्राम. काढून टाकण्याची सारी चर्चा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराभोवती फिरते. गोंधळ होतो तो असा की, तिसऱ्या प्रकारावरचा राग आपण दुसऱ्या प्रकारावर काढतो.

हा वाद काही आजचा नव्हे. विंडोज ९८ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर प्रणालीत असा विणून दिला होता की तो वेगळा काढण्याची सोय नव्हती. मे १९९८ मध्ये अमेरिकेच्या सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. त्यातील एक मोठा प्रश्न हाच होता की, ब्राउझर हा स्वतंत्र माल आहे की प्रणालीचे अंग आहे? प्रिन्स्टन विद्यापीठातील संगणकशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांनी विंडोज ९८ मधून ब्राउझर बाजूला करणारा एक प्रोग्राम न्यायालयापुढे ठेवला. कंपनीचा प्रतिवाद असा की, यात ब्राउझर निघालेला नाही, केवळ त्याचे दार लपविले आहे. आतील फाइली जागच्या जागीच आहेत, कारण प्रणालीचे इतर भाग त्यांच्यावर अवलंबून आहेत.

आता दोन्ही बाजू पाहा. ब्राउझर बाजूला करता येतो हे प्राध्यापकांनी दाखविले. पण त्याच्या पोटातील, पाने रंगवून दाखविणारा भाग पुढेही विंडोजमध्ये राहिला, हेही तितकेच खरे. २००९ साली आलेल्या विंडोज ७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर बंद करण्याची खूणचौकट खुद्द कंपनीनेच दिली. ती खूण काढली की ब्राउझर दिसेनासा होई, परंतु आतील यंत्रणा तशीच राही, कारण मदतीची पाने दाखविण्यासाठी आणि इतर प्रोग्रामांसाठी ती लागत असे. भिंत पाडण्यापूर्वी शहाणा गवंडी तिच्यावर टकटक करून पाहतो, ती नुसती आडभिंत आहे की वरचा भार तिच्यावर आहे. संगणकात ही टकटक करणे सोपे नसते, ही खरी अडचण.

युरोपमध्ये तर मोठाच प्रयोग झाला. मार्च २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला आणि गाणी-चित्रफिती वाजविणारा मीडिया प्लेअर वगळून विंडोजची वेगळी आवृत्ती विकण्यास सांगितले. ती आवृत्ती पुढच्या वर्षी बाजारात आली. तिची किंमत पूर्ण आवृत्तीएवढीच ठेवली होती. परिणाम काय झाला? ती जवळपास कोणीच घेतली नाही. त्याच पैशांत एक वस्तू कमी मिळणार असेल तर कोण घेईल? यातून धडा हा की, एखादा भाग काढता येणे ही एक गोष्ट आणि काढल्यामुळे आपल्या पदरात काही पडणे ही दुसरी गोष्ट.

हौशी मंडळीही स्वस्थ बसली नव्हती. विंडोज ९८ मधून भाग छाटण्यासाठी ‘९८लाइट’, पुढे एक्सपीसाठी ‘एनलाइट’, व्हिस्टासाठी ‘व्हीलाइट’ अशी साधने निघाली. त्या काळी डिस्क लहान असत, मेमरी तुटपुंजी असे, आणि थोडी छाटणी केली तरी फरक जाणवे. आजही हलक्या केलेल्या विंडोजच्या आवृत्त्या इंटरनेटवर फिरतात. त्या वापराव्यात काय, याकडे मी पुढे येणार आहे. तत्पूर्वी आपल्याशी अगदी जवळून संबंध असलेली एक बाब सांगतो.

एनलाइटमध्ये काढून टाकता येण्याजोग्या भागांची लांबलचक यादी असे. त्या यादीत ‘भाषा’ आणि ‘कळफलक’ असे दोन स्वतंत्र विभाग होते. इंग्रजीवर ज्याचे सारे भागते त्याला जगातील बाकीच्या लिप्या म्हणजे निव्वळ अडगळ वाटणार, यात नवल नाही. परंतु त्या अडगळीत आपली देवनागरी होती आणि आपली उर्दूही होती. मुळात विंडोज एक्सपीच्या इंग्रजी आवृत्तीत या लिप्यांचा आधार आपोआप चालू नसेच. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन जोडाक्षरांच्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांच्या चौकटीत खूण करावी लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. ती सीडी हरवलेली असली की मराठी आणि उर्दू दोन्ही अडून बसत.

कोणी म्हणेल, ही जुनी कथा झाली. तशी ती जुनी नाही. २०१५ साली आलेल्या विंडोज १० मध्ये कंपनीने स्वतःच अशी छाटणी केली. विंडोज २००० पासून ज्या ‘मंगल’ अक्षराने मराठी माणसाचे अर्ज आणि परिपत्रके टाइप झाली, तो मंगल, आणि त्याच्यासोबत कोकिळा, अपराजिता, उत्साह हे देवनागरी टंक मूळ संचातून काढून ऐच्छिक भागात टाकले. उर्दूची नस्तालीक वळणाची अक्षरे दाखविणारा ‘उर्दू टाइपसेटिंग’ हा टंकही असाच ऐच्छिक झाला. देवनागरीसाठी ‘निर्मला’ हा टंक मूळ संचात ठेवला आहे, त्यामुळे मराठी दिसते जरूर. परंतु मंगलमध्ये बसविलेला जुना मजकूर दुसऱ्या टंकात उघडला की ओळी सरकतात, तक्ते बिघडतात, एका पानाची प्रश्नपत्रिका दुसऱ्या पानावर जाते. इंग्रजी भाषेने नव्याने बसविलेल्या यंत्रावर हा अनुभव येतो. उपाय सोपा आहे : सेटिंग्जमधील ऐच्छिक भागांच्या यादीतून तो संच उतरवून घ्यावा. मात्र तो उतरतो विंडोज अपडेट या सेवेमार्फत. आता ज्याने यंत्र हलके करण्याच्या भरात विंडोज अपडेटच उखडून टाकले आहे त्याने काय करावे? एक भाग काढला की दुसऱ्याच ठिकाणी अडते ते असे.

म्हणून ‘नको असलेले भाग’ हा शब्द ऐकला की मी प्रथम विचारतो : कोणाला नको असलेले? पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारा भाग डोळसाला नको असतो, दृष्टिहीन विद्यार्थ्याचे ते डोळे असतात. पडद्यावर उमटणारा कळफलक धडधाकट माणसाला फालतू वाटतो. ज्याच्या संगणकाच्या चार कळा मोडल्या आहेत त्याचे सारे काम त्यावरच चालते. मराठी उच्चारानुसार टाइप करण्याचा कळफलक विंडोज १० मध्ये २०१९ साली आला. दूर देशी बसून यादी करणाऱ्याच्या लेखी तो काट मारण्याजोगा आहे, आपल्या दहावीच्या मुलाच्या लेखी तो प्रकल्पवही पूर्ण करण्याचे साधन आहे. दुसऱ्याने केलेली यादी डोळे मिटून स्वीकारू नये, एवढेच मला सांगावयाचे आहे.

मग काढण्यासारखे काहीच नसते काय? असते, आणि त्याचे ठसठशीत उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले आहे. विंडोजमध्ये एका संगणकावरील फाइली दुसऱ्या संगणकावरून उघडण्यासाठी एस. एम. बी. नावाची व्यवस्था असते. तिची पहिली आवृत्ती फार जुनी आणि कच्ची होती. नव्या आवृत्त्या आल्या तरी जुन्या यंत्रांची सोय म्हणून ती तशीच ठेवली होती. घरगुती संगणकात तिची बहुधा काहीच गरज नव्हती. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम याच व्यवस्थेतील भोकातून दीडशेहून अधिक देशांत पसरला. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ आला. त्याने पसरण्याच्या इतर वाटांबरोबर याही वाटेचा उपयोग केला आणि न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत केले. ज्या बंदरातून देशातील कंटेनरांची प्रचंड ने-आण होते तेथे एका टर्मिनलवर हाताने नोंदी करण्याची वेळ आली. त्याच वर्षीच्या अखेरच्या मोठ्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये ती जुनी व्यवस्था आपण होऊन बसविणे थांबविले. जो भाग बाहेरच्या जगाला दार उघडतो आणि ज्याचा आपल्याला उपयोग नाही, तो बंद करावा हे येथे शंभर टक्के पटते.

परंतु याच हकिकतीची दुसरी बाजू विसरू नका. त्या भोकावरची दुरुस्ती कंपनीने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे वॉनाक्राय येण्याच्या जवळपास दोन महिने आधीच, विंडोज अपडेटमार्फत दिली होती. ज्यांनी ती घेतली त्यांच्या यंत्रात वॉनाक्रायला त्या वाटेने शिरता आले नाही. ज्यांनी अपडेटची सेवा कटकट म्हणून बंद केली होती, अथवा ज्यांच्यापर्यंत ती दुरुस्ती पोहोचली नव्हती, ते उघडे पडले. एकाच घटनेत एक अंगभूत भाग काढणे शहाणपणाचे होते आणि दुसरा अंगभूत भाग काढणे घातक होते. तेव्हा ‘सगळे काढा’ आणि ‘कशालाच हात लावू नका’ हे दोन्ही सल्ले सारखेच आळशी आहेत.

आता वेगाकडे वळू, कारण बहुतेकांची तक्रार तीच असते. विद्यार्थी मित्रांनो, एक तत्त्व वहीत लिहून ठेवा : झोपलेला पाहुणा जेवत नाही. जे ॲप डिस्कवर नुसते पडून आहे आणि चालू नाही, ते थोडी जागा अडविते, पण मेमरी खात नाही आणि वेग कमी करीत नाही. वेग खातात ते संगणक सुरू होताच आपोआप जागे होणारे प्रोग्राम. त्यांतील पुष्कळसे कंपनीने दिलेले नसतात, आपणच कधीतरी ‘पुढे, पुढे’ असे बटण दाबत आणून बसविलेले असतात. टास्क मॅनेजर उघडून ‘स्टार्टअप’ या सदरात पाहिले की त्यांची यादी मिळते. तेथे ते बंद करावयास दोन मिनिटे लागतात, काही मोडत नाही, आणि पुन्हा चालू करता येते.

यानंतरही यंत्र रडतखडत चालत असेल तर दोष बहुधा दोन ठिकाणी असतो : मेमरी कमी असणे, आणि फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असणे. जुनी डिस्क काढून एस. एस. डी. बसविली तर जो फरक पडतो तो पन्नास ॲप काढूनही पडत नाही. ज्या पालकांनी दुरुस्तीवाल्याला ‘साफसफाई’साठी दर सहा महिन्यांनी पैसे दिले असतील, त्यांनी एकदा या डिस्कचा भाव विचारून पाहावा आणि दोन्ही रकमा शेजारी मांडाव्यात. आपल्याकडे म्हणच आहे, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. छाटणीच्या नादात तीन रात्री घालवून दोनशे-चारशे एम. बी. मोकळे करणे हा तसलाच मसाला होय.

छाटणीतील आणखी एक फसगत सांगतो. विंडोज १० पासून कॅल्क्युलेटर आणि फोटो पाहण्याचे साधन हीदेखील स्टोअरमधून येणारी ॲप झाली. ‘सर्व ॲप एका आज्ञेत काढा’ असा मंत्र इंटरनेटवर सर्रास मिळतो. तो चालविला की खेळ जातात, त्यासोबत कॅल्क्युलेटर जातो, फोटो जातो आणि स्टोअरदेखील जाते. मग गेलेले परत आणावयाचे दुकानच उरत नाही. उलट काही ॲप असे चिवट की, मोठे अपडेट आले किंवा त्याच यंत्रावर दुसऱ्या नावाने खाते उघडले की पुन्हा हजर होतात. म्हणजे हवे ते गेले आणि नको ते परत आले.

ब्राउझरचेही तसेच. आपल्याकडे डिजिटल स्वाक्षरीची कामे करणारी अनेक सरकारी संकेतस्थळे बराच काळ इंटरनेट एक्सप्लोररच मागत असत. १५ जून २०२२ रोजी विंडोज १० वरील त्या ब्राउझरचा आधार कंपनीने थांबविला, परंतु जुन्या पानांसाठी एज या नव्या ब्राउझरमध्ये त्याची एक खिडकी ठेवली. ज्याने एज मुळापासून उपटून टाकला त्याची ही खिडकीही बंद झाली. आपणांस एज आवडत नसेल तर दुसरा ब्राउझर बसवून तो मुख्य म्हणून निवडा आणि एजला कोपऱ्यात पडून राहू द्या. न वापरलेले भांडे माळ्यावर असले म्हणून कोणाचा संसार अडत नाही.

आता मोबाईलकडे येतो, कारण आपल्यापैकी निम्म्याहून अधिक घरांत मोबाईल हाच संगणक आहे. जागा संपली की फोन नवा व्हिडिओ घेत नाही, अपडेट घेत नाही, ऐन वेळी हॉलतिकीटही उतरत नाही. मग अंगभूत ॲप काढण्याची खटपट सुरू होते. येथे एक वस्तुस्थिती पुष्कळांना ठाऊक नसते. अँड्रॉइड फोनमध्ये कंपनीने कायमचे बसविलेले ॲप एका वेगळ्या, बंदिस्त कप्प्यात असतात. आपले फोटो, व्हिडिओ, संदेश दुसऱ्या कप्प्यात असतात. अंगभूत ॲप आपण ‘डिसेबल’ केले, किंवा संगणकाला जोडून विशिष्ट आज्ञेने आपल्या खात्यापुरते काढले, तरी मूळ ॲप बंदिस्त कप्प्यात तसेच राहते. मोकळी होते ती फक्त त्याच्या अपडेटने आणि साठलेल्या माहितीने आपल्या कप्प्यात व्यापलेली जागा.

याला मी भाड्याच्या खोलीची उपमा देतो. घरमालकाने आपले एक कपाट खोलीत ठेवून दिले आहे. त्याला आपण कुलूप लावू शकतो, वर चादर टाकू शकतो, पण कपाटाखालची फरशी आपली होत नाही. फार तर कपाटातून बाहेर ओसंडलेले सामान आवरता येते. म्हणून जागेसाठी अंगभूत ॲपच्या मागे लागण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येणारी फुलांची चित्रे आणि लग्नाचे व्हिडिओ तपासावेत. बहुतेक फोनांत जागा तेथेच गेलेली आढळते.

तरीही ‘डिसेबल’ करण्याचा एक खरा फायदा आहे. असे ॲप मागून चालत नाही, सूचना पाठवीत नाही, आपली माहिती गोळा करीत नाही. ज्या घरात मुलगा अभ्यासाला फोन घेतो आणि बातम्या-खेळांच्या सूचनांत अर्धा तास हरवतो, तेथे हा फायदा जागेपेक्षा मोठा आहे. याशिवाय दुसऱ्या कंपन्यांचे खेळ, खरेदीची दुकाने, कर्ज देणारी ॲप फोनसोबत भरून आलेली असतात; ती बहुधा साध्या मार्गाने पूर्ण निघतात. ती जरूर काढावीत. विशेषतः कर्जाचे ॲप मुलांच्या हाती लागणाऱ्या फोनमध्ये ठेवू नये.

अंगभूत ॲप काढण्याचा हक्क ग्राहकाला असावा काय, हा प्रश्न आपल्या देशातही न्यायासनापर्यंत गेला. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला. आधीपासून भरलेली आपली ॲप काढण्यास वापरणाऱ्याला आडकाठी करू नये, असाही एक आदेश त्यात होता. २९ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, परंतु जे चार आदेश रद्द केले त्यांत ॲप काढू देण्याचा हा आदेशही होता. आपल्या खिशातील फोनमधले काय काढता यावे, यावर आपल्याच देशातील दोन न्यायपीठांचे मत एक झाले नाही. यावरून प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे हे दिसते.

दुसरे उदाहरण सरकारचे. हरवलेला फोन बंद पाडणे, आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते पाहणे, अशा कामांसाठी दूरसंचार विभागाचे ‘संचार साथी’ ॲप आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस विभागाने फोन बनविणाऱ्या कंपन्यांना कळविले की, हे ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच बसवावे आणि त्याचे काम बंद पाडता येऊ नये. देशभर चर्चा झाली, आक्षेप आले आणि ३ डिसेंबर २०२५ रोजी ही सक्ती मागे घेण्यात आली. ॲप उपयोगी आहे की नाही हा एक प्रश्न, आणि ते काढण्याचा अधिकार माझ्याकडे असावा की नाही हा दुसरा. मी स्वतः ते ॲप लोकांना वापरावयास सांगतो, तरी दाराची कडी आतूनही असावी असेच माझे मत आहे. न काढलेली वस्तू आणि न काढता येणारी वस्तू यांत हा फरक आहे. म्हणून छाटणीचे श्रम पुष्कळदा वाया जातात असे म्हणत असतानाही, छाटणीचा हक्क मागणाऱ्यांचे मी आभारच मानीन. त्यांच्या भांडणामुळेच आज सेटिंग्जमध्ये आपणांस ‘बंद करा’ची बटणे दिसतात.

आता त्या हलक्या केलेल्या विंडोजविषयी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केल्यास सुरक्षा-दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय कंपनीने ठेवली. विंडोज ११ ला किमान ४ जी. बी. मेमरी, ६४ जी. बी. जागा आणि टी. पी. एम. २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि जुनी यंत्रे तेथे नापास होतात. अशा वेळी ‘हलके विंडोज’ घालून देतो म्हणणारे भेटतात. आमच्या ओळखीच्या एका पालकांनी मुलीच्या संगणकात तसे घालून घेतले. यंत्र काही दिवस झपाट्याने चालले. पुढे छपाई होईना, उर्दू टंक उतरेना, विषाणूरक्षक तर मुळातच काढलेला. अखेर सारे पुसून पुन्हा मूळ विंडोज बसवावे लागले आणि दोनदा पैसे गेले. त्याहून गंभीर प्रश्न असा की, अनोळखी माणसाने उघडून पुन्हा शिवलेल्या पोत्यात काय घातले आहे हे आपणांस कसे कळणार? त्याच यंत्रावर आपण बँकेचा पासवर्ड टाइप करतो. साधन प्रसिद्ध असो वा नसो, तयार छाटलेली आवृत्ती कोणाकडूनही घेऊ नये, असे माझे स्पष्ट सांगणे आहे.

यंत्र खरोखरच जुने असेल तर एकेक भाग खरवडण्यापेक्षा संपूर्ण प्रणाली बदलणे अधिक सरळ असते. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग धरला आणि तेथे शाळांसाठी लिनक्सची वेगळी आवृत्ती तयार केली जाते. लिनक्सचे हलके प्रकार कमी मेमरीवरही चालतात, विनामूल्य आहेत, आणि त्यांत मराठी-उर्दू दोन्ही लिहिता येतात. मात्र विंडोजसाठीचे इनपेज ज्यांना रोज लागते त्यांनी आधी विचार करावा. येथेही नियम तोच : आपले काम पाहून निर्णय घ्यावा.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तुमच्यासाठी चार प्रश्न देतो. कोणताही भाग काढण्यापूर्वी ते कागदावर लिहून त्यांची उत्तरे द्या. पहिला : हा भाग चालू असतो काय, की नुसता पडून आहे? पडून असेल तर घाई नाही. दुसरा : तो घरात कोणाला लागतो काय? धाकट्या बहिणीला, आजीला, पाहुण्या चुलतभावालाही विचारा. तिसरा : काढल्यावर तो परत आणता येईल काय, आणि कोणत्या मार्गाने? मार्ग ठाऊक नसेल तर हात लावू नका. चौथा : काढून नेमके काय मिळणार? त्यासाठी मोजमाप करा. संगणक सुरू होण्यास किती सेकंद लागतात, किती मेमरी व्यापली आहे, किती जागा रिकामी आहे, हे आधी आणि नंतर लिहा. विज्ञानाच्या प्रयोगात आपण निरीक्षण आणि अनुमान वेगळे लिहितो ना? तसेच येथे. “फास्ट वाटते” हे निरीक्षण नव्हे.

आणि क्रमही पाळा. प्रथम आपणच बसविलेले नको ते काढा. मग आपोआप सुरू होणारे बंद करा. मग अंगभूत ॲप सेटिंग्जच्या मार्गाने काढा किंवा डिसेबल करा. विंडोज अपडेट, विषाणूरक्षक आणि भाषेचे भाग यांना हात लावू नका. जबरदस्तीने उखडण्याची पायरी घरच्या एकुलत्या एका यंत्रावर कधीही चढू नका. शिकण्याची हौस जरूर असू द्या, पण त्यासाठी एखादे टाकाऊ यंत्र मिळवा. ते मोडले तरी घर अडणार नाही आणि मोडताना तुम्ही बरेच शिकाल.

पालक बंधू-भगिनींनो, आपणांस एवढीच विनंती की, मुलगा रात्री जागून संगणक ‘साफ’ करीत असेल तर त्याच्यावर ओरडू नका आणि त्याला मोकळेही सोडू नका. शेजारी बसा आणि विचारा, “बेटा, हे काढल्याने काय मिळणार, आणि परत कसे आणणार?” संगणकाचे ज्ञान नसले तरी हा प्रश्न कोणत्याही अम्मी-अब्बांना विचारता येतो. त्याचे उत्तर मुलाला देता आले तर त्याला पुढे जाऊ द्या. देता आले नाही तर आधी ते शोधून काढण्यास सांगा. ते शोधणे हाही त्याचा अभ्यासच होय.